बुडख्याचा ब्रिक्स

जानेवारी लागला की पुण्याहून भाच्याचा मेसेज येतो, "मामा, लिस्ट आली." सोबत जगातल्या एकापेक्षा एक भारी स्कूबा डायव्हिंगच्या ठिकाणांची यादी, कुठल्या तरी मासिकाच्या वाचकांनी मतं देऊन ठरवलेली. मला ती बघायला रात्रीचे अकरा वाजतात, कारण जानेवारीत आमच्या साखर कारखान्यात गाळप ऐन भरात असतं. मी लॅब केमिस्ट. दिवसभर रसाचे नमुने, ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ किती), पोल (त्यात साखर किती), रिकव्हरी (उसातनं साखरेचा उतारा किती). त्यातनं डोकं वर काढून इंडोनेशिया पहिला आला की इजिप्त, हे वाचायचं म्हणजे जरा गंमतच. पण वाचतो. भाच्याकडे ओपन वॉटरचं कार्ड आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायची त्याला मुभा. मामाला एकदा चांगल्या ठिकाणी पाण्याखाली न्यायचं, हे त्यानं मनावर घेतलंय. चांगलं ठिकाण कुठलं, ते ही यादी ठरवणार.

आता याद्यांना नावं ठेवायचा कोल्हापूरकराला अधिकार नाही, हे मला मान्य आहे. 'जगात भारी, आम्ही कोल्हापुरी' हे कुठल्या मतदानात ठरलं, बाकीचं जग किती फिरून ठरलं, हे आमच्यातल्या कुणी विचारलेलं नाही. मिसळीचंच घ्या. आमच्या खात्यात महिन्यातनं एकदा तरी त्यावरून जुंपते. एक नंबर कुठली? प्रत्येकाची ठरलेली, आणि ती शपथेवर सांगायची तयारी. मी एकदा शांतपणे ऐकत बसलो तेव्हा लक्षात आलं, की ज्याची त्याची एक नंबर मिसळ त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अपवाद एकच गडी, तो सासुरवाडीच्या पेठेतली सांगत होता. त्याचं कारण वेगळं.

मतं मीही दिलेली आहेत. म्हणजे एकदाच, मालवणला.

मे महिना होता. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मगच आम्हाला रजा दिसते, त्यामुळे आमच्या घरच्या सगळ्या सहली उन्हाळ्यात. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल करत मालवण गाठलं. सकाळी बोटीत बसलो. सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट जवळ दिसायला लागला तशी बोट थांबली. शिकवायला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्यानं दहा मिनिटांत सगळं उरकलं. श्वास तोंडानं घ्यायचा. कान दडपले तर नाक चिमटीत धरून हळू हवा ढकलायची. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'भारी' असा नाही, 'मला वर न्या' असा. कोल्हापूरच्या माणसाला हे सगळ्यांत अवघड. आमचा अंगठा आपोआप वर जातो. मी दोनदा केला आणि दोनदा त्यानं मला वर आणलं.

तिसऱ्या खेपेला खाली पोचलो. पाणी हिरवट, गढूळ. मेमध्ये समुद्राला उसळी लागलेली असते, वाळू हलते, वीस-पंचवीस फुटांवर फार काही दिसत नाही. मला त्या पोराचा हात दिसत होता आणि हाताच्या पलीकडे खडकाची धूसर कड. त्यानं कमरेच्या पिशवीतनं पाव काढून कुस्करला, तसे पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे धावले. ते आले पावासाठी. व्हिडिओत मात्र ते मलाच भेटायला आल्यासारखे दिसतात, आणि मी तो व्हिडिओ अजून पाहुण्यांना दाखवतो.

पण मनात राहिलं ते मासे नव्हेत. आवाज राहिला. आपलाच श्वास, मग बुडबुड्यांची खळखळ, पुन्हा श्वास. मी गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पुढं डबा सुटला आणि तळाची माती मुठीत धरून आणायच्या पैजा लागायला लागल्या. त्या वेळी तळ हाताला लागतोय न लागतोय तोच छातीत हातोडे पडायचे. पाण्याखाली श्वास संपतो, हे अंगात मुरलेलं ज्ञान. त्या दिवशी तो संपेचना. मी वाट बघत होतो, आता संपेल, आता संपेल, आणि तो येतच होता.

बोटीवर चढलो, अंग पुसलं, तसा त्या पोरानं हसून सांगितलं, "काका, पाच स्टार टाका हां. आणि माझं नाव पण लिहा." टाकले. मनापासून टाकले. पण हे पाच स्टार नेमके कशाला? गढूळ पाण्याला नक्कीच नव्हते. विहिरीतल्या त्या जुन्या भीतीची फिटंफाट झाली, धड परत आलो, पोरगा गुणी होता, हिनं काठावरनं हात हलवला, या सगळ्याचे ते पाच. जमा झाले मालवणच्या खात्यावर.

आमच्या धंद्यात याला नाव आहे. तोडणीआधी ऊस पक्व झालाय का हे बघायला फडात जावं लागतं. शेतकरी बांधावर वाटच बघत असतो. "सायेब, ह्यो बघा," म्हणत तो ज्या उसाकडे नेतो तो बांधाकडेचा असतो, भरपूर उजेड मिळालेला, मनगटाएवढा. तोडून हातात देतो तो बुडख्याचा तुकडा. रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या नळीच्या, काचेवर टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळं आणि पांढरं जिथं मिळतं ती रेघ बावीसवर. शेतकरी माझ्या तोंडाकडे बघतोय. मग मी त्याच उसाच्या शेंड्याकडचं कांडं मागतो. काच पुसून पुन्हा थेंब. रेघ सोळावर. ऊस तोच, यंत्र तेच, दोन्ही आकडे खरे, आणि शेतकरी तर बिचारा एक शब्द खोटं बोललेला नाही. ऊस पिकला की शेंडा आणि बुडखा यांचे आकडे जवळ येतात. म्हणून दोन्ही बघायचे, फडाच्या आत शिरून चार-दोन ठिकाणचे बघायचे. नुसता बुडख्याचा ब्रिक्स घेऊन आलास तर चीफ केमिस्ट वही तोंडावर फेकायचे. माझे पहिले चीफ केमिस्ट खरंच फेकायचे.

वाचकांच्या मतांची यादी मला तशी दिसते. जगभरातनं लोकांनी आपापल्या आवडत्या उसाचा बुडखा आणून दिलाय.

कोण आणून देतो, हे आधी बघावं. न गेलेला माणूस मत देत नाही, आणि माणूस जातो तिकीट परवडेल तिथं. मासिक अमेरिकेतलं असेल तर त्याच्या वाचकाला कॅरिबियन समुद्र म्हणजे आमचं मालवण. कोझुमेल, बोनेर, केमन ही नावं तिथं सवयीची. बोनेर चांगलं नाही असं नव्हे, तिथं १९७९ पासून सागरी उद्यान आहे, किनाऱ्यावरनं चालत पाण्यात शिरायचं सुख आहे. पण मतांच्या गठ्ठ्यात प्रवाळ किती आणि विमानाची सोय किती, हे कसं वेगळं करणार? काही मासिकं म्हणून समुद्रांचे वेगळे गट पाडतात. बरं करतात. घरच्या आखाड्यातल्या कुस्तीत घरच्या पंचाला बसवू नये एवढं तरी त्यातनं साधतं.

उलटी बाजूही आहे. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांना जायचं म्हणजे मुक्कामी बोटीवर आठवडा काढायचा, खर्च लाखांत. तिथनं परत आलेला माणूस तीन स्टार देईल? लेकीच्या लग्नातल्या जेवणाला यजमान कधी नावं ठेवतो का? जातात मोजके, सगळे पट्टीचे डायव्हर, आणि सगळे खूश. सरासरी आभाळाला. पण चार मतांची पाच आणि चारशे मतांची साडेचार यांत मोठं कुठलं? आमच्याकडे एखाद्या ट्रॉलीच्या उसाचा उतारा चौदा निघाला म्हणून चेअरमनना कुणी फोन लावत नाही. तो दिवसभराच्या सरासरीत मिसळतो, मग बोलतो. चित्रपटांना गुण देणाऱ्या आयएमडीबीच्या अडीचशेच्या यादीत हेच करायचे. प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधी सर्वसाधारण सरासरीची काही मतं धरायची आणि मग खरी मतं त्यात ओतायची. थोड्या मतांवर उडणारा आपोआप जमिनीवर येतो. डायव्हिंगच्या यादीखाली असला काही खुलासा मला अजून दिसलेला नाही. भाचा म्हणतो, "मामा, बारीक अक्षरं वाचायला लागलात की तुम्ही म्हातारे दिसता."

ज्यांनी मत दिलं नाही ते वेगळेच. मालवणला आमच्याच बोटीत एक बाई होत्या. तोंडात नळी घातली, दोन फूट खाली गेल्या, घाबरल्या आणि वर आल्या त्या परत उतरल्या नाहीत. त्यांचं मत कुठल्या यादीत असणार?

न पाहताच मत दिल्याचं पापही माझ्या नावावर आहे. २००७ साली जगातली नवी सात आश्चर्यं ठरवायला मतदान झालं होतं. 'ताजमहालाला मत द्या' म्हणून सगळीकडे एकच गलका. आम्ही कँटीनमध्ये बसून एसएमएस केले. मी दोन केले. त्या टेबलावरच्या एकानंही ताजमहाल पाहिलेला नव्हता, पेट्रा आणि माचू पिचू ही तर नावंच पहिल्यांदा ऐकत होतो. ७ जुलै २००७ ला निकाल लागला, ताजमहाल सातांत आला आणि आम्ही जिंकल्यासारखा चहा पाजला. युनेस्कोनं या मतदानाशी आपला संबंध नाही हे आधीच सांगितलं होतं, ते वाचायला कुणाला वेळ होता! पुढं त्याच लोकांनी निसर्गातल्या सात आश्चर्यांचं मतदान काढलं. त्यात मालदीव होतं, म्हणजे डायव्हर लोकांची पंढरी. २०११ मध्ये मालदीवच्या सरकारनं, पैशांच्या मागण्या वाढत चालल्यात असं सांगून, त्यातनं अंग काढून घेतलं. मालदीवचे मासे त्या दिवशी जितके होते तितकेच दुसऱ्या दिवशीही होते.

फोटोचा प्रताप तर विचारूच नका. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधलं ग्रेट ब्लू होल घ्या. समुद्रात पडलेलं गोल विवर, साधारण तीनशे मीटर रुंद, सव्वाशे मीटरच्या आसपास खोल. फ्रेंच समुद्रसंशोधक जॅक कूस्तो १९७१ मध्ये आपलं कॅलिप्सो जहाज घेऊन तिथं गेले आणि त्याचं नाव जगभर झालं. हौशी डायव्हरांच्या कुठल्याही स्वप्नयादीत ते असतंच. पण जो फोटो बघून आपण वेडे होतो, तो विमानातनं काढलेला असतो. पाण्यात उतरल्यावर तो निळा डोळा दिसत नाही. खाली जायचं ते तीस-चाळीस मीटरवरचे चुनखडीचे लोंबते खांब बघायला, जे समुद्राची पातळी खाली असताना कोरड्या गुहेत तयार झाले. तिथं काही मिनिटंच थांबता येतं, मासे तुरळक, आणि १८ मीटरच्या कार्डावर तिथवर जाताही येत नाही. भूगोल म्हणून थरारक आहे. पण माशांची रेलचेल बघायला गेलेला माणूस आणि गुहा बघायला गेलेला माणूस यांनी एकाच खिडकीत मत टाकलं, तर त्या बेरजेला एकक काय लावायचं?

एककावरून आठवलं. आमच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला. कांस्यपदक हुकलं ०.०१ सेकंदानं. एक शतांश! दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. जीव हळहळला, पण भांडायला जागा नव्हती. पाणी तेच, अंतर तेच, घड्याळ तेच. तिसरा तो तिसरा, चौथा तो चौथा. यादीतला तिसरा आणि चौथा देश यांच्यात काय आहे? शतांश कशाचा?

म्हणून लोकांच्या मताला काडीची किंमत नाही, असं म्हणायला जावं, तर तेही खोटं ठरतं. रीफ चेक नावाचा एक उपक्रम आहे, त्याची पहिली जगभराची पाहणी १९९७ मध्ये झाली. त्यात तुमच्या-आमच्यासारखे हौशी डायव्हर घेतात, थोडं शिकवतात आणि समुद्रतळावर शंभर मीटरची टेप अंथरायला लावतात. तिचे वीस-वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. दर अर्ध्या मीटरवर टेपखाली काय आहे ते पाटीवर लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, वाळू, खडक. असे एकशे साठ ठिपके. सोबत ठरवून दिलेले मासे मोजायचे. 'आवडलं का' हे कुणी विचारत नाही. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतनं उठलो. अहो, ही समुद्रातली मिल टेस्ट आहे, ठरल्या पद्धतीनं नमुना घेऊन केलेली तपासणी! डायव्हर तोच, डोळे तेच. 'जगात पहिलं कोण' विचारलं की तो मिसळीवर बोलायला लागतो, 'या टेपखाली काय आहे' विचारलं की विश्वासाचा साक्षीदार होतो.

मोजायला बसलं तर समुद्र थक्क करतो, हेही सांगायला हवं. इंडोनेशियात राजा आम्पात बेटांजवळ केप क्री म्हणून जागा आहे. गेराल्ड अ‍ॅलन या मत्स्यतज्ज्ञानं २०१२ मध्ये तिथं एका डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती नोंदवल्या. एका डाइव्हमध्ये. माझ्या व्हिडिओतले मासे धरून मला आठ नावंही सांगता येणार नाहीत. म्हणजे केप क्रीला मला नेऊन सोडलं तरी मी वर येऊन 'रंगीत मासे लई होते' असंच लिहिणार, आणि पाचच स्टार देणार. मालवणला दिले तेवढेच. पाचाच्या वर जागाच नाही.

शिवाय यादी सांगते ती पाहिलेल्या समुद्राची, असलेल्या समुद्राची नव्हे. गॅलापागोसजवळची डार्विनची कमान कितीतरी डायव्हरांच्या आठवणींत उभी आहे, पण १७ मे २०२१ ला ती कोसळली, आता दोन खांब उरलेत. प्रवाळाचं तर याहून वाईट. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, ताप उतरला नाही तर मरतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं, आणि आपल्या लक्षद्वीपलाही त्याच काळात त्याचा जबर फटका बसला. चार वर्षांपूर्वी तिथनं खूश होऊन आलेला माणूस आज मत देतो ते प्रामाणिकपणे देतो. फक्त तो ज्याच्याबद्दल बोलतोय ते कदाचित आता तिथं नसतं. तोडलेल्या उसातली साखर रोज उतरते, म्हणून नमुन्यावर आम्ही तारीखवेळ घालतो. मतावर कोण घालतं?

यादीच्या बाजूनं एकच गोष्ट मला पटलेली आहे. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग छापून आला. चौदा हजारांवर लोकांना अनोळखी ४८ गाणी ऐकवली. काहींना आधी कुणी काय उतरवून घेतलं ते दाखवलं नाही, काहींना दाखवलं, आणि दाखवलेल्यांचेही आठ वेगवेगळे गट केले. प्रत्येक गटात लोकप्रिय गाणी वेगळी निघाली, कारण पहिल्या काहींनी जे उचललं त्याच्यामागे बाकीचे गेले. पण अगदी चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी टाकाऊ सहसा वर आलं नाही. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. तेव्हापासून मी यादी अशी वाचतो: नाव त्यात आहे म्हणजे जागा अगदीच वाया नसणार. पण पाचवा की पंधरावा, यावर रजा टाकू नये.

रजा टाकायची तर मी आता तिथं जाऊन आलेल्याला तीनच गोष्टी विचारतो. कुठल्या महिन्यात गेला होतास? त्याआधी किती वेळा पाण्याखाली गेला होतास? वाईट काय होतं? तिसऱ्याला जो अडखळतो त्याचं बाकीचं मी हसून ऐकून घेतो. भाच्याच्या एका मित्राला अंदमानचं विचारलं तर तो म्हणाला, "काका, दुसऱ्या दिवशी प्रवाह इतका होता की काही बघितलंच नाही, दोरी धरून होतो." त्या एका वाक्यावर माझा अंदमानवर विश्वास बसला.

गेल्या गणपतीत भाचा घरी आला होता. आरती झाली, मोदक झाले, पाऊस लागून राहिला होता. पुढच्या यादीचं मतदान सुरू होतं. सोप्यात बसून मोबाईलवर त्यानं आपलं भरलं आणि म्हणाला, "मामा, तुमचंही टाकूया." आवडती पाच ठिकाणं, क्रमानं. म्हटलं, "बाळा, मी एकच बघितलंय."

"एकावर फॉर्म पुढं सरकत नाही, मामा. पाच भरायलाच लागतात."

आतनं ही म्हणाली, "भरून टाका की. पोर एवढं म्हणतंय."

पहिल्या रकान्यात मालवण टाकलं. उरलेली चार त्यानं गेल्या वर्षीची यादी उघडून तिच्यातनं बघून भरली.